भाऊ मायनसमध्ये

सर्व्हेत घसरलेला उमेदवार ओळखायला सर्व्हे बघावा लागत नाही, त्याचा नमस्कार बघावा. पुढे असलेला उमेदवार उघड्या गाडीवर उभा राहून, काळा चष्मा न काढता, अख्ख्या गल्लीला मिळून एकच नमस्कार करतो. बरोबरीत असलेला खाली उतरतो, पण गाडीचं दार सोडत नाही. घसरलेला मात्र चालत येतो, तुमचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतो आणि ठेवून घेतो. तुम्ही त्या मतदारसंघातले नसलात, नुसते मेव्हण्याकडे फराळाला आला असलात, तरी हात परत मिळत नाही. तुमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं हे त्याला आठवतं. त्या ऑपरेशनसाठी शिफारसपत्र मागायला तुम्ही दोन वर्षांपूर्वी त्याच्या बंगल्यावर तीन तास बसला होतात, तेव्हा आठवत नव्हतं. स्मरणशक्ती ही टक्केवारीवर चालते.

मी ज्या भाऊंबद्दल लिहितोय ते कुणी एक गृहस्थ नव्हेत. महाराष्ट्राच्या दर तालुक्याला एक भाऊ असतो. कुठे त्याला दादा म्हणतात, कुठे अण्णा, कुठे नुसतं साहेब. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत 288 जागांसाठी 4,136 उमेदवार उभे होते. म्हणजे 3,848 जण पडणार हे मतदानाआधीच नक्की होतं, आणि ते सांगायला सर्व्हे नको, चौथीतलं पोरगं पुरे. तरी त्या 4,136 जणांत आपण पडणार असं मानून उभा राहिलेला माणूस हुडकून मिळाला नसता. मुद्दाम उभे केलेले नावबंधू सोडून देऊ. ते वेगळ्या बोलीवर उभे असतात.

गंमत अशी, की भाऊंना तिकीट मिळालं तेच सर्व्हेमुळे. पक्षाने वरून तीन वेळा चाचणी करून घेतली होती आणि तिन्ही वेळा भाऊंचं नाव वर आलं होतं. त्या आठवड्यात भाऊ आधुनिक विचारांचे झाले. “आता जुनं राजकारण राहिलं नाही. सगळं डेटावर चालतं,” असं ते बंगल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. ज्यांचं तिकीट कापलं गेलं त्या इच्छुकांची समजूत काढतानाही भाऊ म्हणाले, “मी काय करू? सर्व्हे शास्त्र आहे.” ते इच्छुक शास्त्राचा मान राखून उठले आणि 29 ऑक्टोबरला, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, अपक्ष म्हणून अर्ज भरून आले.

मध्ये दिवाळी गेली. 4 नोव्हेंबरला माघारीची मुदत संपली. दोन बंडखोर बसले, एक बसला नाही. आणि त्यानंतर एका रात्री भाऊंच्या फोनवर वरून एक पीडीएफ आली.

अशी पीडीएफ उमेदवार स्वतः उघडत नाही. ती आधी पीए उघडतो. पीए ती बघून एकदम कामाला लागतो, चार्जर शोधतो, पाणी मागवतो. भाऊ विचारतात, “काय आहे?” पीए म्हणतो, “तसं काही विशेष नाही.” भाऊ ताडतात. घरात वीस माणसं असतात आणि वीसच्या वीस एकाच वेळी भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे बघू लागतात. शेवटी एकजण घसा खाकरून म्हणतो, “थोडं मायनस दाखवतंय भाऊ. पण रिकव्हर होण्यासारखं आहे.”

मायनस चारचं होतं.

पहिला राग त्या आकड्यावर निघत नाही, तो आणणाऱ्यावर निघतो. एजन्सी पुण्याची असते, तिचा माणूस तीन दिवसांपासून तालुक्याच्या लॉजवर राहत असतो, वय सत्तावीस, पाठीला सॅक. त्याला रात्री साडेअकराला बोलावून घेतात. तो पोरगा दमलेला असतो आणि त्याला खरोखरच वाटत असतं की आपल्याला पद्धत समजावून सांगायला बोलावलं आहे. तो सांगू लागतो. मतदारसंघातले साडेतीनशेच्या आसपास बूथ, त्यांतून शहर, खेडी, वाड्या-वस्त्या, वेगवेगळे समाज असे बघून निवडलेले काही बूथ, तिथल्या मतदार यादीतली ठरावीक अंतराने घेतलेली नावं, टॅबवर प्रश्न, उत्तराचं रेकॉर्डिंग, जागेची नोंद. भाऊ सगळं ऐकून घेतात आणि एकच प्रश्न विचारतात.

“कुणाकुणाला विचारलं? नावं सांग.”

“सर, नावं नसतात. गोपनीय असतं.”

“नावं नाहीत? मग मतं कुणाची मोजलीस?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्यात भाऊंचं अख्खं राजकारण आहे. भाऊंच्या जगात बिननावाचं मत नसतं. प्रत्येक मताला एक वाडी असते, वाडीला एक भावकी असते आणि भावकीला एक म्होरक्या असतो. भाऊंच्या उशाशी एक लाल चोपडी असते. तिच्यात डावीकडे गाव, मध्ये माणसाचं नाव, उजवीकडे आकडा. अमक्या वस्तीचे दोनशे, अमक्या सोसायटीच्या चेअरमनचे चारशे, तालमीच्या पोरांचे दीडशे, बाजारपेठेतल्या अमुक शेठच्या शब्दावर साडेतीनशे. भाऊंच्या वडलांनी याच चोपडीवर जिल्हा परिषद जिंकली होती.

एजन्सीच्या पोराने त्या रात्री एक आगाऊपणा केला. त्याने चोपडी मागून घेतली आणि मोबाईलवर बेरीज केली. राज्यात एका मतदारसंघात सरासरी सव्वातीन लाखांहून जास्त मतदार पडतात. चोपडीप्रमाणे भाऊंना मिळणारी मतं त्याहून बरीच अधिक भरत होती. शंभर टक्के मतदान झालं, विरोधकाने स्वतःचं मत भाऊंना घातलं आणि यादीतून नाव न निघालेले सगळे मयत उठून रांगेत उभे राहिले, तरी तो आकडा गाठता येत नव्हता. कारण साधं होतं. चेअरमनचे चारशे आणि भावकीचे दोनशे ही तीच ती माणसं होती. ती शेठच्या साडेतीनशेतही होती आणि तालमीच्या दीडशेतही. शिवाय चेअरमनने तेच चारशे विरोधकालाही देऊन ठेवले होते, आणि बसायला तयार नसलेल्या बंडखोराला त्यांतले शंभर दाखवले होते.

“बेरीज चुकली असेल,” भाऊ म्हणाले.

“पुन्हा करतो, सर.”

“नको. झोप जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ इतिहासकार झाले. घसरलेला उमेदवार चोवीस तासांत सर्व्हेच्या अपयशाचा असा अभ्यास करतो, की त्याला विद्यापीठाने व्याख्यानाला बोलवावं. 2004 मध्ये काय झालं? सगळे म्हणत होते वाजपेयींचं सरकार परत येणार, ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती चालू होत्या, आणि निकालात भाजप 138 आणि काँग्रेस 145. लांब कशाला जायचं, पाच महिन्यांपूर्वीच्या लोकसभेत काय झालं? एक्झिट पोलवाले एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेत होते, निघाले 293. भाऊंकडे एक क्लिपही असते. ‘अ‍ॅक्सिस माय इंडिया’चे प्रदीप गुप्ता निकालाच्या दिवशी वाहिनीवर बसल्या जागी रडले, ती. भाऊ ती क्लिप येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात आणि रडण्याच्या जागी आवाज वाढवतात. मग हरियाणा. ऑक्टोबरात एक्झिट पोल काँग्रेसचे गुलाल उधळून बसले होते आणि 90 पैकी 48 जागा भाजपला. या उदाहरणांत कधी भाऊंचा पक्ष फायद्यात होता, कधी तोट्यात, याचं भाऊंना काही नसतं. सर्व्हे तोंडावर पडला एवढं पुरतं. अर्थात महिन्यापूर्वी प्लस सात दाखवणारा सर्व्हेही याच पंथातला होता आणि भाऊंनी तो स्वतःच्या फोटोसह स्टेटसला ठेवला होता. इतिहासकाराने आपली साधनं निवडून घ्यायची असतात.

या इतिहासात परदेशी प्रकरण पुण्याच्या भाच्याने आणलं. भाचा आयटीत. मामासाठी रजा टाकून आलेला, वॉररूम म्हणून रंगवलेल्या धान्याच्या गोदामात एसी लावून बसलेला. त्याने सांगितलं की 1936 साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने एक कोटी लोकांना पत्रं पाठवून मत विचारलं, वीस लाखांहून जास्त उत्तरं आली, साप्ताहिक म्हणालं लँडन जिंकणार, आणि रूझवेल्टने 48 पैकी 46 राज्यं जिंकली. पत्ते टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या यादीतून काढले होते, मंदीतला गरीब माणूस त्यांत कमीच होता. भाऊ उठून बसले.

“म्हणजे फोनवाल्यांना विचारलं की चुकतं?”

“तसं नाही मामा, त्या काळी फोन—”

“आपला पण फोनवरून केलाय की! ‘एक दाबा, दोन दाबा’ वाला!”

“तो वेगळा. त्यात आपण प्लसमध्ये होतो.”

भाऊ पुन्हा आडवे झाले. भाच्याने मग दुसऱ्या बाजूने धीर दिला. कुठल्याही नमुना पाहणीत दोन-तीन टक्के इकडे-तिकडे धरावे लागतात, म्हणाला. प्रत्येकाच्या टक्क्यात वेगवेगळे. तेव्हा मायनस चार म्हणजे प्रत्यक्षात मामा एकदोन टक्क्यांनी पुढेही असू शकतात.

“असू शकतो ना?”

“असू शकता. तसंच तो नऊ-दहा टक्क्यांनीही पुढे—”

“पहिलं बोललास ते लिहून दे. कार्यकर्त्यांना सांगायला बरं पडेल.”

धीर देणाऱ्यांत एक म्हातारे कार्यकर्ते होते, मुंबईच्या गिरणीत उमेदीची वर्षं काढून परत आलेले. त्यांनी 1967 ची दक्षिण मुंबई सांगितली. स. का. पाटील म्हणजे मुंबईचे अनभिषिक्त राजे. मला परमेश्वरसुद्धा हरवू शकणार नाही असं ते बोलून गेले, असं सांगतात. जॉर्ज फर्नांडिसांनी तेच वाक्य उचललं, देव हरवू शकत नसेल पण तुम्ही हरवू शकता असं भिंतीभिंतीवर लावलं, आणि पाटील पडले. “तेव्हा कोण म्हणत होतं पाटील पडतील म्हणून?” म्हाताऱ्याने विजयी मुद्रेने विचारलं. घरात शांतता पसरली. या गोष्टीत भाऊ जॉर्ज नसून पाटील आहेत, हे म्हातारबुवा सोडून सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

इतिहास संपला की संशय सुरू होतो. आकडा घसरला म्हणजे कुणीतरी ओढला असणार. लोकांचं मन बदललं असेल ही शक्यता भाऊंच्या मनाला शिवत नाही, कारण भाऊंच्या हिशेबात लोकांचं मन म्होरक्याकडे ठेवलेलं असतं. म्हणून आतून कोण काम करतोय हे शोधणं चालू होतं. सोसायटीचा सचिव परवा विरोधकाच्या मेव्हण्याच्या दुकानात चहा पीत होता. तालमीच्या पोरांनी दोघांच्याही टोप्या घेतल्यात. भाऊंच्या सख्ख्या चुलतभावाच्या गाडीवर तर भाऊंचं स्टिकर मागच्या काचेवर आहे, पुढच्या नाही. यावर पाऊण तास चर्चा होते.

मग बूथप्रमुखांची बैठक. ही बैठक मी राजकारणातला सगळ्यांत करुण विनोद मानतो. भाऊ एकेकाला उभं करून विचारतात, “तुझ्या बूथची काय परिस्थिती?” आणि एकेक उठून सांगतो, “आपल्याला लीड आहे भाऊ.” “किती?” “दीडशे कुठं गेलं नाही.” एकही बूथप्रमुख मायनस सांगत नाही. कसा सांगेल? पुढच्या वर्षी झेडपी आहे, पोराला कारखान्यात चिकटवायचं आहे. साडेतीनशे बूथवर दीडशेचं लीड म्हणजे भाऊ पन्नास हजारांनी निवडून आले. भाऊ तो गुणाकार करतात, एजन्सीचा आकडा आठवतात, आणि साडेतीनशे चेहऱ्यांकडे पाहतात. यांतला एक तरी खोटं बोलतोय हे त्यांना कळतं, पण तो कोण हे 23 तारखेला बूथनिहाय मतांचा कागद हातात येईपर्यंत कळायचं नसतं. मतदान यंत्र आल्यापासून बूथप्रमुखाच्या थापेचं आयुष्य फार कमी झालं आहे. पूर्वी पेट्यांतल्या मतपत्रिका मतमोजणीआधी एकत्र मिसळता येत. आता गावाने काय केलं ते त्याच संध्याकाळी पारावर कळतं.

खरं पाहता त्या गोदामात, त्या बंगल्यात, त्या गाड्यांच्या ताफ्यात भाऊंशी खरं बोलणारा एकच माणूस होता, लॉजवरचा तो सत्तावीस वर्षांचा पोरगा. कारण त्याला भाऊंकडून पैशांशिवाय काहीच नको होतं. म्हणून त्याला कुणी जेवायला बोलवत नव्हतं.

बाहेर मात्र भाऊंचं वाक्य ठरलेलं. पत्रकार विचारतात, सर्व्हेत तुम्ही मागे आहात म्हणे? भाऊ हसतात. हे हसू भाच्याने बसवून घेतलेलं असतं. “माझा सर्व्हेवर विश्वास नाही, माझा मायबाप जनतेवर विश्वास आहे.” हे बोलत असताना तिसऱ्या एजन्सीला आगाऊ रक्कम गेलेली असते. तिने प्लस दोन दाखवायचं कबूल केलेलं असतं. या एजन्सीची चाचणी बहुधा गावात जात नाही. तिची सुरुवात डिझायनरपासून होते. निळी पार्श्वभूमी, भाऊंचा मोठा फोटो, विरोधकाचा जरा काळवंडलेला, मध्ये दोन खांब. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 40 लाख. चहा, वडापाव, मंडप, खुर्ची यांचे दरसुद्धा जिल्हा प्रशासन ठरवून देतं आणि निरीक्षक ते मोजत बसतात. हा प्लस दोन त्या नोंदवहीत कुठल्या रकान्यात बसतो ते विचारू नये. वडापाव मोजता येतो.

बाकीचे उपाय सगळीकडचेच. फ्लेक्सवरचा फोटो बदलला, कारण जुन्यात भाऊ कुणाला तरी दम देताना दिसत होते. ज्योतिषाने सांगितलं म्हणून पांढरी गाडी उभी करून जुनी जीप काढली. सोशल मीडियाच्या पोरीने भाऊंना शेताच्या बांधावर भाकरी खाताना शूट केलं; चौथ्या टेकला भाऊंनी भाकरी चमच्याने तोडायचा प्रयत्न सोडला. वहिनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच प्रचाराला बाहेर पडल्या आणि त्यांच्या कोपरासभेला भाऊंच्या सभेपेक्षा गर्दी झाली. त्याची बातमी भाऊंना कुणी दिली नाही.

वहिनींनी मात्र एक गोष्ट आणली, जी तिन्ही एजन्सींना सापडली नव्हती. सर्व्हेचं पोरगं दारात येऊन बाईला विचारतं आणि उत्तर ओसरीवरून नवरा देतो. पोरगं टॅबवर स्त्री असं नोंदवतं आणि नवऱ्याचं मत घेऊन जातं. त्या वर्षी बायकांच्या खात्यात महिना 1,500 रुपये पडू लागले होते आणि घरोघरी त्यावर दोन मतं होती. एक ओसरीवर, एक चुलीपाशी. “तुमच्या कागदात चुलीपाशी काय लिहिलंय?” वहिनींनी विचारलं. भाचा म्हणाला, “मामी, तसा कॉलमच नाहीये.”

आता मी त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. मतदारसंघाच्या टोकाला एक वस्ती आहे, तिथली विजेची डीपी दिवाळीआधी जळाली होती. रब्बीची पेरणी झालेली, विहिरीत पाणी, मोटारी बंद. वस्तीवरचे लोक आधी भाऊंच्या बंगल्यावर जाऊन आले. तेव्हा भाऊ प्लस सातमध्ये होते, ‘बघतो’ म्हणाले. विरोधकाकडे गेले, तो तेव्हा हरल्यात जमा होता, त्याने तर भेटही दिली नाही. मग वस्तीवर एजन्सीचं पोरगं टॅब घेऊन आलं. वस्तीवरच्या एका आजोबांनी त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला, आणि सगळ्यांच्या वतीने सांगितलं, “भाऊंचं काय खरं नाही बाबा यंदा. वारं फिरलंय.” शेजारच्या वस्तीवर विरोधकाच्या एजन्सीचं पोरगं आलं होतं. त्याला तिथल्या माणसांनी सांगितलं, “तुमच्या साहेबांचं थोडक्यात जाणार बघा.”

चार दिवसांत भाऊ चालत आले. आजोबांचा हात दोन्ही हातांत घेतला. आजोबांनी तो बराच वेळ ठेवू दिला आणि दुसऱ्या हाताने डीपीकडे बोट दाखवलं. आचारसंहितेत नवं काम जाहीर करता येत नाही, पण जळालेल्या डीपीसाठी अभियंत्याला फोन करता येतो. भाऊंनी तिथल्या तिथे लावला, स्पीकरवर. दुसऱ्या दिवशी विरोधकही आला आणि त्यानेही त्याच अभियंत्याला फोन लावला, त्याच स्पीकरवर. तिसऱ्या दिवशी टेम्पोतून डीपी आली. ती कुणाच्या फोनने आली यावर दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते बांधावर भांडत होते, तोवर मोटारी चालू झाल्या.

मायनसमध्ये गेलेला उमेदवार मला म्हणून आवडतो. एरवी पाच वर्षं सोयाबीनचा भाव हा दिल्लीचा विषय असतो. मायनस चारला 2024-25 चा हमीभाव 4,892 आणि आडत्याच्या काट्यावर त्याहून बराच कमी, हे भाऊंना तोंडपाठ असतं. शाळेच्या गळक्या खोलीत ते स्वतः जाऊन वर बघतात. ग्रामीण रुग्णालयात किती डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत ते विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतात. लोकांचंही आता शिक्षण झालेलं आहे. एका गावात मी ऐकलं, सर्व्हेचा माणूस आला तर सांगायचं काय, यावर पारावर ठराव झाला होता: दोघांनाही थोडं थोडं मागे ठेवायचं. पुढं ठेवला की तो येत नाही, आणि फार मागे ठेवला की खर्च करत नाही. नमुना पाहणीवरचं इतकं नेमकं विवेचन मी कुठल्याही वाहिनीवर ऐकलेलं नाही.

18 तारखेला संध्याकाळी प्रचार थांबला. मतदान संपण्याआधीचे 48 तास वाहिन्यांना जनमत चाचणीचे आकडेही दाखवता येत नाहीत, त्यामुळे भाऊंचा निळा प्लस दोन सहा वाजायच्या आत दोनशे ग्रुपवर जाऊन पडला. विरोधकाचा भगवा प्लस तीन पावणेसहालाच पडला होता. दोघांच्या ग्राफिकचा डिझायनर एकच होता आणि त्याने खांबांची उंचीही बदलली नव्हती.

20 तारखेला मतदान झालं. एक्झिट पोल साडेसहाच्या आधी दाखवायला कायद्याने बंदी, म्हणून साडेसहापर्यंत भाऊ देवघरात. मग टीव्हीसमोर. पण वाहिन्या राज्याचं बोलत होत्या, याला इतक्या, त्याला तितक्या, आणि भाऊ चॅनल बदलून बदलून आपला तालुका शोधत होते. एका वाहिनीच्या नकाशावर बोटाने दाखवून ते म्हणाले, “हे काय आपलं, हिरवं-हिरवं.” भाचा म्हणाला, “मामा, ते अभयारण्य आहे.”

23 तारखेला राज्याचा निकाल असा एकतर्फी लागला, की त्याचा अंदाज एक्झिट पोलवाल्यांपैकी बहुतेकांना आला नव्हता. भाऊंचं मात्र शेवटच्या फेरीपर्यंत वर-खाली चालू होतं. सोळाव्या फेरीला मायनस, अठराव्याला प्लस, एकोणिसाव्याला पीएने फोन बंद करून खिशात घातला. अखेर भाऊ अकराशे मतांनी आले. बंडखोराला मिळालेल्या मतांचा निम्मा वाटा जरी विरोधकाकडे गेला असता तरी गेले असते. गुलाल उडाला, जेसीबीतून फुलं पडली, आणि भाऊंनी गाडीच्या टपावर उभं राहून, काळा चष्मा घालून, अख्ख्या चौकाला मिळून एक नमस्कार केला.

“सर्व्हेवाल्यांना ही सणसणीत चपराक आहे!” भाऊ माईकवर म्हणाले.

संध्याकाळी बूथनिहाय कागद आला. भाऊंनी लाल चोपडी शेजारी ठेवून तो वाचला. चेअरमनच्या चारशेतले एकशे बारा निघाले होते. सख्ख्या चुलतभावाच्या बूथवर मायनस होतं, म्हणजे स्टिकरबद्दलचा संशय खरा होता. डीपीवाल्या वस्तीचं मतदान दोघांत समसमान वाटलेलं होतं, फक्त एक मत भाऊंना जास्त. ते कुणाचं यावर अजून चर्चा चालू आहे. वहिनींना ठाऊक असावं.

लॉजवरच्या पोराने दोन दिवस थांबून भाऊंना फोन केला. उरलेला हप्ता राहिला होता.

“कसला हप्ता? तू मायनस चार सांगितलं होतंस. मी आलो की निवडून!”

“सर, ते सांगितलं म्हणून तर तुम्ही फिरलात.”

“मग फिरलो मी की तू?”

पोराला बापड्याला दुसऱ्या बाजूनेही आशा नव्हती. विरोधकाची चाचणीही त्याच्याच मोठ्या भावाने केली होती, आणि तिथेही हप्ता अडकला होता. त्या साहेबांचं म्हणणं होतं, तुमचा आकडा बरोबर निघाला हे कबूल, पण पडलेल्या माणसाकडे आता पैसे कुठले? झेडपीला दोघेही सर्व्हेवाले भाऊ येणार आहेत. सगळे पैसे आगाऊ घेऊन.